पाहुण्या घोणशीचे नव्वद दिवस

गेल्या श्रावणांतील एका सोमवारची गोष्ट. श्रावणी सोमवारीं सायंकाळीं घरांतील सर्व मंडळींनीं एका पंक्तीस बसून उपास सोडावयाचा, हा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. त्या दिवशीं आमचा पुतण्या बऱ्याच दिवसांनीं घरीं आला होता. त्यानें पशुवैद्यकाची पदवी घेतली असून तो एका परवानाधारक सर्पालयांत नोकरीस आहे. तें सर्पालय कोठलें, हें सांगण्याचें येथें कारण नाहीं. एरवीं हा मुलगा पंक्तीस असला म्हणजे त्याच्या सापांच्या गोष्टी ऐकतांना लहान मुलांचे घांस हातांतल्या हातांत राहतात. परंतु त्या दिवशीं तो मान खालीं घालून जेवत होता. ही गोष्ट प्रथम ध्यानांत आली ती आमच्या आत्याबाईंच्या. त्यांचें वय आज ८४ वर्षांचें आहे, पण पंक्तींत कोणी भात टाकला तर तो त्यांस दिसल्यावांचून राहत नाहीं.

“काय रे, आज तुझे साप मुके झाले कीं काय?” त्यांनीं विचारलें.

“तीन घोणशी गेल्या, आत्याआजी,” तो म्हणाला, “आणि माझ्या हातानें गेल्या.”

हकीकत अशी होती. ज्येष्ठाच्या अखेरीस एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागील कडब्याच्या गंजींत एक मोठी घोणस सांपडली. वनविभागाच्या परवानगीनें ती विषसंकलनासाठीं ह्या सर्पालयांत आली. चांगली जाडजूड, अंगावरील साखळीची नक्षी तुळतुळीत, आणि फूत्कार असा कीं चार हातांवरून माणूस मागें सरावा. आमच्या पुतण्यानें तिला नियमाप्रमाणें निराळ्या खोलींत ठेविलें. दारास कुलूप, दारावर पाटी, नोंदवहींत तारीख. तीस दिवस ती खोलीबाहेर आली नाहीं. असें असतांहि विसाव्या दिवसाच्या सुमारास, आंगणापलीकडील दुसऱ्या खोलींतील जुन्या घोणशी पाण्याच्या भांड्यांत तासन्‌तास वेटोळें करून बसूं लागल्या. भांड्यांतील पाण्यावर खसखशीहून बारीक काळे ठिपके तरंगतांना दिसले. ते ठिपके म्हणजे सापांच्या अंगावर राहून रक्त शोषणारे, गोचिडीच्या कुळांतील माइट नांवाचे किडे होत. औषधोपचार झाले, पण तोंवर तीन घोणशींच्या रक्तांत जंतुदोष शिरला होता. त्या वांचल्या नाहींत. विषसंकलन बंद ठेवावें लागलें. ज्या पाहुणीच्या अंगावरून हे किडे आले, ती मात्र शेवटपर्यंत धडधाकट होती.

आत्याबाईंनीं सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “खोली निराळी केलीस, तें ठीक. पण तिला उचलायची ती आंकडी, ती निराळी होती का?”

पुतण्या गप्प बसला.

“आणि पाणी?”

“भांडीं निराळीं होतीं. धुवायची बादली एकच.”

“सकाळीं आधीं कोणाचें करीत होतास?”

“नवीचें. रात्रभर कशी राहिली तें आधीं पाहावेंसें वाटे.”

“मग ती कोंडलेली कसली रे? तुझ्या हातांना धरून ती रोज सगळीकडे हिंडून येत होती.”

आत्याबाई जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. त्यांनीं जन्मांत साप जवळून पाहिला असेल तो नागपंचमीच्या पाटावर चंदनानें काढलेला. परंतु त्यांचें तरुणपण सोवळ्याच्या स्वयंपाकघरांत गेलें आहे. आणि वेगळेपण भिंतींत नसून हातांत असतें, हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. त्या रात्रीं पुतण्याशीं आमचें बराच वेळ बोलणें झालें. त्यांतून जें समजलें तें आज वाचकांपुढें ठेवतों. साप पाळण्याचा प्रसंग आमच्या वाचकांवर येणार नाहीं, आणि येऊंहि नये; पण त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. साप पकडून ठेवावाच कां? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग, घोणस, धामण, अजगर आदि साप संरक्षित आहेत. हौसेखातर ते पकडणें किंवा घरीं ठेवणें हा गुन्हा आहे, आणि तो असावा हेंच योग्य. परंतु त्याच कायद्याच्या १२ व्या कलमान्वयें, प्राण वांचविणाऱ्या औषधासाठीं सर्पविष गोळा करावयाचें असल्यास शासनाची खास परवानगी मिळूं शकते. भारतांत २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें दिला. म्हणजे वर्षास सरासरी ५८,००० माणसें. हीं बहुतेक खेड्यांतील, शेतांत राबणारीं, आणि पुष्कळशीं पावसाळ्यांतील. ह्या दंशावर खरा उतारा एकच: प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें ह्या चार सापांचें विष अल्प प्रमाणांत घोड्यांस टोंचून, त्यांच्या रक्तांत जें प्रतिद्रव्य तयार होतें त्यापासून हें औषध करतात. तेव्हां सर्पालयांतील एक रोगी घोणस ही एका सापापुरती गोष्ट राहत नाहीं. तिचा धागा कोठेंतरी कुडीच्या घरांत अंथरुणावर तळमळणाऱ्या मजुरापर्यंत पोंचतो.

आतां ह्या वेगळें ठेवण्याच्या रीतीविषयीं. आजच्या मराठींत हिला विलगीकरण म्हणतात. २०२० च्या साथींत तो शब्द शेंबड्या पोरालाहि पाठ झाला. त्यापूर्वीं १८९६-९७ च्या प्लेगांत मुंबई-पुण्याच्या घराघरांत क्वारंटाइन हा शब्द धाकानें शिरला होता. मूळ कल्पना त्याहून फार जुनी. आड्रियाटिक समुद्रावरील रागूसा, म्हणजे आजचें डुब्रॉव्हनिक, ह्या बंदरानें १३७७ सालीं असा नियम केला कीं, साथीच्या मुलखांतून येणाऱ्यांनीं शहरांत येण्यापूर्वीं तीस दिवस बाहेर राहावें. पुढें तीसाचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेंतील चाळीस ह्या संख्येवरूनच क्वारंटाइन हें नांव पडलें. ज्या प्लेगनें हा शब्द आपल्याकडे आणला, त्याच प्लेगच्या संशोधनासाठीं १८९९ सालीं परळ येथें जी प्रयोगशाळा स्थापन झाली, ती आजची हाफकिन संस्था. आणि तिनेंच पुढें सर्पविषाचें कामहि अंगावर घेतलें.

जंगलांतून आलेला साप निरोगी दिसतो आणि तरीहि त्यास वेगळें ठेवावें लागतें, हें असें कां? ह्याचें पहिलें कारण असें कीं, दुखणें लपविणें हा वन्य प्राण्यांचा स्वभावच आहे. जो अशक्त दिसला, तो घारीच्या किंवा मुंगसाच्या तोंडीं गेला. दुसरें कारण असें कीं, रानांतील बहुतेक सापांच्या पोटांत, रक्तांत किंवा फुप्फुसांत कांहींना कांहीं परोपजीवी असतातच. रानांत साप आणि परोपजीवी ह्यांचें एक प्रकारें जमलेलें असतें. साप हिंडतो, ऊन खातो, जागा बदलतो. त्याची विष्ठा एके ठिकाणीं राहते आणि तो दुसरीकडे जातो. पेटींत कोंडला कीं हें सर्व मोडतें. भीतीनें आणि उपासानें त्याची शक्ति घटते, तोच किडा त्याच चौरस हातभर जागेंत पुन्हां पुन्हां त्याच्याच अंगावर चढतो, आणि जें रानांत वर्षानुवर्षें सुप्त होतें तें पेटींत चार-सहा आठवड्यांत उघड होतें. विलगीकरणाचे दिवस हे ह्या उघड होण्यासाठीं दिलेले दिवस आहेत.

किती दिवस? प्राणिसंग्रहालयांत सर्वसाधारणपणें किमान ३० दिवस धरतात. सापांच्या बाबतींत अनुभवी पशुवैद्य ९० दिवसांचा आग्रह धरतात, आणि त्यास आधार आहे. वर सांगितलेल्या माइटची एक मादी साठ-ऐंशीं अंडीं घालते. उबदार हवेंत त्या अंड्यांपासून पुन्हां अंडीं घालणाऱ्या माद्या तयार होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या दिवशीं खवल्याखालीं लपलेल्या दोन-तीन किड्या नजरेंतून निसटल्या, तर त्यांची संतति डोळ्यांत भरावयास महिना लोटतो. श्वसनाच्या कांहीं विषाणूंचीं लक्षणें दिसण्यास दोन-अडीच महिने लागतात. बोआ आणि अजगर ह्यांना होणारा एक विषाणुजन्य रोग तर याहूनहि अधिक काळ दबा धरून राहतो. म्हणून त्यांच्यासाठीं सहा महिनेहि थोडे समजतात. नव्वद दिवस झाले म्हणजे धोका शून्य झाला, असें कोणीहि जाणता मनुष्य म्हणणार नाहीं. धोका पुष्कळ उणा होतो, एवढेंच.

ह्या दिवसांत करावयाचें काय, तें पुतण्यानें जसें सांगितलें तसें देतों. खोली निराळी हवीच; पण नुसती कांचेची आडभिंत पुरत नाहीं, हवाहि निराळी हवी, कारण श्वसनाचे रोग दमटपणाबरोबर फिरतात. पेटींत वाळू, पाला, पेंढा कांहीं घालूं नये. कोरा पांढरा कागद अंथरावा. पांढऱ्या कागदावर काळा किडा दिसतो, विष्ठेचा रंग दिसतो, रक्ताचा थेंब दिसतो. आमच्या पुतण्यानें पाहुणीस बरें वाटावें म्हणून वाळका पाला घातला होता, आणि त्या पाल्यानें किड्यांस आसरा दिला. लपावयास एक साधा पुठ्ठ्याचा डबा द्यावा, जो मळला कीं जाळून टाकतां येईल. पाण्याचें भांडें जड आणि पसरट असावें, आणि रोज पाणी बदलतांना तें उजेडांत धरून पाहावें. साप पाण्यांत बसून राहूं लागला तर तो उकाड्यानें बसला आहे असें समजून स्वस्थ राहूं नये. डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची खांच आणि शेपटीजवळचें मलद्वार, हीं किड्यांचीं आवडतीं ठिकाणें. विषारी सापास ह्या तपासणीसाठीं पारदर्शक नळींत अर्धा सरकवून घेतात. हें काम शिकलेल्या माणसाचेंच आहे, तेथें उत्साहाचें काम नाहीं.

आठवड्यास एकदां वजन करावें. पहिले कांहीं दिवस साप बहुधा खात नाहीं. त्यास छळूं नये. विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी एकदां करून भागत नाहीं. पंधरा-पंधरा दिवसांनीं निदान तीनदां करावी, कारण कृमींचीं अंडीं आणि आदिजीव प्रत्येक वेळीं बाहेर पडतातच असें नाहीं. क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा एक आदिजीव असा लपंडाव विशेष खेळतो. त्यानें सापाच्या जठराची भिंत जाड होते, अंगाच्या मध्यावर फुगवटा येतो, खाल्लेलें उलटून पडतें, आणि त्यावर खात्रीचें औषध अद्यापि नाहीं. विषाणूंसाठीं घशांतील ओलावा कापसानें टिपून प्रयोगशाळेंत पाठवितात. आणि विलगीकरणांत साप मेला तर तो पुरून मोकळें होऊं नये, शवचिकित्सा करावी. मेलेला पाहुणा जें सांगतो त्यावर मागें राहिलेल्यांचे प्राण अवलंबून असतात.

आतां हातांची गोष्ट. आंकडी, चिमटा, नळी, बादली, फडकें, झाडू, हें सर्व त्या खोलीचें निराळें. कामाचा क्रम ठरलेला: जुने निरोगी साप आधीं, पाहुणा सर्वांत शेवटीं, आणि पाहुण्याचें झाल्यावर त्या दिवशीं पुन्हां जुन्यांकडे जाणें नाहीं. खोलीचीं पादत्राणें आणि अंगावरचा झगा खोलींतच राहावयाचा. भांडीं आधीं साबणानें घासावयाचीं, मग ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यांत बुडवावयाचीं; कारण मळ अंगावर असतांना त्या पाण्याचा जोर त्या मळावरच खर्च होतो. पाहुण्यानें न खाल्लेला उंदीर दुसऱ्या सापास घालावयाचा नाहीं, मग तो कितीहि ताजा असो. हें शेवटचें कलम ऐकून आत्याबाई पटकन्‌ म्हणाल्या, “उष्टें तें उष्टेंच कीं रे!” मुलें हंसलीं; परंतु पुतण्या हंसला नाहीं. काटकसर म्हणून तो उंदीर पूर्वीं दुसऱ्या पेटींत जात असे, हें त्यानें आम्हांस मागाहून सांगितलें.

ही सारी यातायात अतिरेकाची वाटत असेल, तर झालेल्या गोष्टींकडे पाहावें. १९७२ सालीं स्वित्झर्लंडमधील एका सर्पसंग्रहांत दक्षिण अमेरिकेंतील बॉथ्रॉप्स जातीच्या विषारी सापांत एकाएकीं साथ उसळली. साप तोंड वासून धापा टाकीत आणि मरत. सापांतील ह्या विषाणूचें हें पहिलें नोंदलेलें दर्शन. पुढें निरनिराळ्या देशांतील संग्रहांत तो आढळला. दुसरें उदाहरण आमांशाच्या एका आदिजीवाचें. तो कांसवाच्या आंतड्यांत बहुधा निमूटपणें राहतो, कांसवास त्याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु तोच सापाच्या पोटांत गेला कीं आंतडें सडवितो. म्हणजे पाहुणा दुसऱ्या जातीचा आहे, त्याचा रोग आपल्यास कसा लागेल, हा भरंवसाहि फोल आहे.

तिसरें उदाहरण सर्वांत विचार करण्यासारखें. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतीं लोकांनीं हौसेनें आणलेले बर्मी अजगर मोकळे सुटले, आणि तेथील दलदलींत वाढले. ह्या अजगरांबरोबर आशियांतील सापांच्या फुप्फुसांत राहणारा एक कृमीसारखा परोपजीवीहि गेला. आज तो तेथील मूळच्या सापांच्या फुप्फुसांत सांपडतो; त्या सापांच्या कुळानें तो कधीं पाहिलेला नव्हता, म्हणून त्यांस तो फार जड जातो. अजगर एक वेळ पकडून परत नेतां येईल. त्याचा कृमि कोण परत नेणार?

ह्यावरून विलगीकरणाची दुसरी बाजू ध्यानांत येते. आपण नेहमीं जुन्यांचें नव्यापासून रक्षण म्हणतों; परंतु सर्पालयांतून रानांत परत जाणाऱ्या सापापासून रानाचें रक्षण हेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथें इरुळा जमातीच्या सर्पपकड्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. पिढ्यानुपिढ्या साप पकडून त्यांचीं कातडीं विकण्यावर ज्यांचें पोट होतें, त्यांनीं कातड्यांचा व्यापार कायद्यानें बंद झाल्यावर विषाचें काम हातीं घेतलें. ते साप मातीच्या मडक्यांत ठेवतात, तीन-चार आठवड्यांत सुमारें चार वेळां विष काढतात, पोटाच्या खवल्यांवर खूण करतात, आणि सापास पुन्हां रानांत सोडून देतात. येथें सापाचा सारा मुक्कामच महिन्याचा; नव्वद दिवसांचा हिशोब येथें बसणारच नाहीं. जेथें मुदत लांबवितां येत नाहीं, तेथें मडकें आणि हात यांची स्वच्छता हेंच विलगीकरण. नाहींतर मडक्यांत लागलेला रोग घेऊन साप रानांत जावयाचा, आणि तेथें त्यास ना दार ना कुलूप.

आणखी एक कलम आम्हांस फार उद्बोधक वाटलें. विलगीकरणाच्या खोलींत पन्नासाव्या दिवशीं दुसरा नवा साप आणून ठेवला, तर दोघांचेहि दिवस पहिल्यापासून मोजावयाचे. आपल्या धर्मशास्त्रांत एका सुतकांत त्याच प्रकारचें दुसरें आलें, तर तें पहिल्याबरोबरच सुटतें; शास्त्रकारांनीं गृहस्थाची अडचण पाहिली. किडा मात्र कोणाची अडचण पाहत नाहीं. पावसाळ्यांत घोणशी व्यालेल्याहि येतात आणि व्यावयाच्याहि येतात. घोणस अंडीं न घालतां एकदम वीस-चाळीस जिवंत पिलें देते. गाभण पाहुणी विलगीकरणांत व्याली, तर पिलेंहि त्याच मोजणींत धरावयाचीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. आम्हीं सोवळ्याचा दृष्टांत दिला, म्हणून जुन्या सोवळ्याचें समर्थन केलें असा अर्थ कोणी घेऊं नये. आपल्या घराण्यांतून सोवळें पाण्याच्या हंड्यापुरतें राहिलें नाहीं. तें माणसांवर घातलें गेलें. विहिरीपासून, ओसरीपासून, देवळापासून माणसांस दूर ठेवण्याचें तें निमित्त झालें. आणि आपल्याच घरांतील विधवांना त्यानें जन्मभर कोपऱ्यांत बसविलें. आत्याबाईंनीं आपल्या आजीचे ते दिवस डोळ्यांनीं पाहिले आहेत, आणि त्याविषयीं त्या आजहि रागानेंच बोलतात. विलगीकरणास कारण असतें, मुदत असते, तपासणी असते, आणि मुदत संपल्यावर दार उघडावें लागतें. ज्या दूर ठेवण्यास कारण सांगतां येत नाहीं, तपासणी नाहीं आणि शेवटहि नाहीं, तें शुद्धीचें नांव घेतलेलें क्रौर्य होय. घोणशीस नव्वद दिवसांनीं घरांत घेतात. माणसांस आपण पिढ्यानुपिढ्या दाराबाहेर उभें केलें, हें विसरून चालणार नाहीं.

पाहुण्याचें अगत्य करणें आणि त्यास कांहीं दिवस वेगळें ठेवणें ह्यांत विरोध आहे, असेंहि आम्हांस वाटत नाहीं. खेड्यांत नवी म्हैस विकत आणली तर जाणता शेतकरी तिला कांहीं दिवस निराळ्या दावणीस बांधतो. चारापाणी मात्र तिला जुन्यांइतकेंच, किंबहुना थोडें अधिकच देतो. सर्पालयांतहि तसेंच असावें. विलगीकरणाची खोली ही अडगळीची खोली नव्हे. ऊब, अंधार, स्वच्छ पाणी आणि शांतता ह्यांची पाहुण्यास तेथें जुन्यांहून अधिक गरज असते. ज्या सर्पालयांत ही खोली सर्वांत वाईट असते, तेथें निरोगी आलेला सापहि आजारी होऊनच बाहेर पडतो, आणि मग दोष रानास दिला जातो.

पुतण्याची चूक ज्ञानाची नव्हती, हें आम्ही मुद्दाम सांगतों. वर दिलेलें प्रत्येक कलम त्यास परीक्षेच्या वेळीं मुखोद्गत होतें. परंतु पहिल्या आठवड्यांत माणूस सर्व नियम पाळतो. दुसऱ्या आठवड्यांत पाहुणा धडधाकट दिसतो. तिसऱ्या आठवड्यांत दुसरी आंकडी आणावयास आंगण ओलांडून कोण जातो? चूक होते ती अशा वेळीं. घरांतील आजारपणांतहि आपला अनुभव हाच नाहीं काय? मुलाच्या कांजिण्यांच्या पहिल्या दिवशीं सारें घर सावध असतें. खपल्या धरूं लागल्या कीं त्याचाच टॉवेल दुसऱ्याच्या खांद्यावर दिसतो.

दुसऱ्या दिवशीं पुतण्या परत निघाला, तेव्हां आत्याबाईंनीं देवघरांतून लाल सुताची गुंडी आणून त्याच्या हातीं दिली. “नव्या खोलींतल्या प्रत्येक वस्तूला हा बांध,” त्या म्हणाल्या. “घाईंत माणसाला वाचायला वेळ नसतो, पण रंग दिसतो.” मोठमोठ्या संग्रहालयांतूनहि निरनिराळ्या खोल्यांच्या हत्यारांस निरनिराळे रंग देण्याची रीत आहे, हें पुतण्यास ठाऊक होतें. त्यानें गुंडी खिशांत घातली आणि नमस्कार केला.

परवां त्याचें पत्र आलें. त्या घोणशीच्या अंगावरील किड्यांचा उपचार पुरा झाला आहे. परंतु किडे सांपडल्यामुळें तिचे दिवस पुन्हां पहिल्यापासून मोजावयास घेतले आहेत. पत्र लिहिलें त्या दिवशीं तिचा एकसष्टावा दिवस होता. वजन थोडें वाढलें आहे, विष्ठेच्या दोन तपासण्या निर्दोष निघाल्या आहेत, तिसरी व्हावयाची आहे. जुन्या खोलींतील उरलेल्या सापांवर एकहि किडा दोन महिन्यांत दिसलेला नाहीं. आंकडी, चिमटा, बादली आणि झाडू ह्यांस लाल सूत बांधलें आहे. “आत्याआजींना सांगा, सकाळीं आधीं जुन्यांचेंच करतों,” असें शेवटीं लिहिलें होतें. पत्र आत्याबाईंस वाचून दाखविलें. त्यांनीं तें पुन्हां वाचावयास सांगितलें.

आमच्या वाचकांस एवढीच विनंति कीं, पावसाळ्यांत घरीं किंवा गोठ्यांत साप निघाल्यास तो मारूं नये, पकडूं नये, आणि हौसेनें बरणींत घालून मुलांस दाखवावयासहि ठेवूं नये. अंतरावरून त्यावर लक्ष ठेवून वनविभागास कळवावें. कोणास दंश झालाच, तर मांत्रिकाकडे घटका न दवडतां रुग्णास इस्पितळांत न्यावें. तेथें जी प्रतिविषाची कुपी मिळेल, तिच्या मागें कोणत्या तरी सर्पालयांतील अशीच एखादी नोंदवही असेल.